घर नावाची खोली

१

तिसऱ्या मजल्यावर सहा खोल्या होत्या आणि प्रत्येक खोली म्हणजे एकेक देश होता. ऐकायला हे भारी वाटतं, पण प्रत्यक्षात त्या खोल्या न्हाणीघराएवढ्या होत्या. भिंतींना आतून जाड करडा स्पंज आणि स्पंजामागे तारेची जाळी, म्हणजे बाहेरचा कुठलाही सिग्नल आत शिरू नये. आत एक टेबल, एक खुर्ची, एक फोन, एक स्क्रीन आणि वर छताला माइक अन् स्पीकर. दार लागलं की त्या फोनला वाटायचं, आपण अमुक एका देशात आहोत. फोनला काय, काहीही वाटू शकतं.

कंपनी इंटरनेटवरची होती. जगभरचे लोक तिच्यावर गाणी, भाषणं, भांडणं आणि लेकराबाळांचे फोटो टाकायचे. मग एखादं सरकार कळवायचं, की हे आमच्याकडे नको. कंपनी ते पुसत नसे. ती ते फक्त त्या देशापुरतं झाकायची आणि वर सांगायची, आम्ही कुणाचाही आवाज दाबत नाही. खालच्या मजल्यावर स्वागताच्या टेबलामागे 'प्रत्येकाला आवाज' अशी मोठी पितळी अक्षरं होती आणि ती रोज सकाळी पुसली जायची.

झाकलेलं खरंच झाकलं गेलंय का, हे बघण्यासाठी या खोल्या. पिवळ्या खोलीत नेत्याच्या कुत्र्यावर केलेला विनोदसुद्धा चालत नसे. निळ्या खोलीत देवाबद्दल प्रश्न विचारलेला चालत नसे. हिरव्या खोलीत ज्याला जे वाटेल ते त्याने खुशाल बोलावं. फक्त कोण बोललं, कुठून बोललं आणि बोलण्याआधी काय शोधत होतं, एवढं कंपनीकडे राहायचं, आणि ते पुढे कुणाला विकलं जातं हे विचारायला हिरव्या खोलीतही सोय नव्हती. शेवटची खोली, ही इमारत ज्या देशात होती त्याच देशाची. इमारतीतलं इंटरनेट परदेशातल्या मुख्य कचेरीतून वळसा घेऊन यायचं, त्यामुळे खालच्या रस्त्यावरच्या माणसाला काय दिसतं हे बघायलाही खोलीतच जावं लागे. त्या खोलीला सगळे 'घर' म्हणत.

प्रत्येक खोलीतल्या फोनमध्ये एक 'रहिवासी' असे. तो खरा माणूस नव्हे. त्या देशातल्या खऱ्या लोकांच्या सवयी उचलून, जोडून बनवलेला एक नमुना. तो केव्हा झोपतो, काय विकत घेतो, कशाला घाबरतो, सगळं त्यात असायचं. त्याला दिसलं नाही म्हणजे देशाला दिसलं नाही.

आत बसून बघण्याचं काम जिच्याकडे होतं, तिला घरी ठकी म्हणत. गळ्यातल्या पट्ट्यावर तिचं भलंमोठं नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे, तेव्हा आपणही ठकीच म्हणू. बाहेर बसणारा पोरगेला सहकारी सदा कानाला हेडफोन लावून असायचा, म्हणून त्याचं नावच हेडफोन पडलं होतं. तो बाहेरून विचारायचा, "आहे?" आणि ती आतून म्हणायची, "नाही." आधी फोनवर, मग स्क्रीनवर, मग शोधून. तिन्हीकडे नाही आलं की काम संपलं. इतकी वर्षं हेच करून तो शब्द तिच्या जिभेवर तयारच बसलेला असायचा. कधी कधी तर पान उघडायच्या आधीच तिच्या तोंडून तो निघून जायचा.

२

सुरुवात झाली ती पिवळ्या खोलीत, दुपारच्या जेवणाआधी. कुठल्याशा शाळामास्तरांचं गाणं झाकायचं होतं. ठकी शेवटचं "नाही" म्हणाली आणि खोलीत काहीतरी थांबलं.

स्वयंपाकघरातला फ्रिज बंद पडला की कळतं, इतका वेळ तो घरघरत होता. तसंच हे. खोलीत काही वाजत होतं हे तिला आत्ता, ते थांबल्यावर कळलं. आता तिथे इतकी शांतता होती की तिला आपल्याच गिळण्याचा आवाज आला.

"आत एसी बसवलाय का रे?" तिने बाहेर येऊन विचारलं.

"एसी? ताई, तुमच्या खुर्चीचं मोडकं चाक बदलून मिळत नाही आणि एसी कोण बसवतंय!"

ठकी काही भोळसट बाई नव्हती. बंद खोलीत माणसाला स्वतःच्याच रक्ताची सळसळ ऐकू येते, हे तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि ते तिने मनाशी घट्ट धरलं. तरी पुढे ती प्रत्येक खोलीत शिरली की आधी क्षणभर कान द्यायची. पिवळी खोली आता ठार मुकी होती. निळ्या खोलीत अगदी बारीक काहीतरी उरलं होतं. 'घर' मात्र अजून भरलेलं होतं. बंद दारामागे पुष्कळ माणसं एकाच वेळी बोलत असावीत, तशी एक कुजबुज तिथल्या स्पंजातून येत राहायची. तिने एकदा भिंतीला कान लावला. शब्द एकही कळला नाही. पण स्पंज कोमट होता, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

३

ठकीचे बाबा बसस्थानकावर उद्घोषक होते. सगळा जन्म त्यांनी काचेच्या खोलीत बसून गाड्या कुठे लागल्यात आणि किती उशिरा येणार आहेत, हे सांगण्यात घालवला. आवाज असा भरदार, की पावभर साखर मागितली तरी दुकानातले लोक सामान उचलून उभे राहायचे. आई गेल्यापासून घरात दोघंच होते. बाबा निवृत्त झाले, महिनाभर भिंतीकडे बघत बसले, आणि मग त्यांनी साखरेच्या डब्याला फोन टेकवून स्वतःचं चॅनल काढलं.

"कृपया इकडे लक्ष द्या," ते त्यात म्हणायचे. "नदीवरचा पूल, जो नऊ वर्षांपूर्वी येणार होता, तो अद्याप निघालेला नाही. प्रवाशांनी पोहत जावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल कुणीही दिलगीर नाही."

चेहरा अगदी कोरा, सुरकुतीसुद्धा हलत नसे. मंत्र्यांनी दिलेलं एकेक आश्वासन ते असं गाडी करून सोडायचे. दवाखाना यायचा राहिला, शाळा मधल्या स्थानकावर बिघडून पडली, चौकशी समिती उलट्या दिशेने रवाना झाली. बघता बघता लोक ते एकमेकांना पाठवायला लागले. बाजारात कुणी उशिरा आलं की दुसरा म्हणायचा, "होणाऱ्या गैरसोयीबद्दल."

"बाबा, जरा बेताने घ्या," ठकी म्हणायची.

"अगं, मी कुठे टीका करतोय? मी नुसतं वेळापत्रक वाचतोय. गाड्या त्यांच्या, उशीर त्यांचा."

तिला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. बाबा पुन्हा माणसात आले होते. त्यांचा आवाज त्यांच्याकडून कुणी काढून घेतला तर मागे काय उरेल, हे तिला पुरतं ठाऊक होतं, कारण तो भिंतीकडे बघण्याचा महिना तिने डोळ्यांनी पाहिला होता.

४

"घर," एके सकाळी हेडफोन म्हणाला. "अख्खं चॅनल. बसस्टँडवाले आजोबा. छे, मी बघायचो राव यांना."

नात्यातलं काम आलं तर साहेबांना सांगावं, असा नियम होता. पण तिने भराभर विचार केला. सरकारी कचेरीला बाबा म्हणजे नुसता एक चेहरा माहीत होता, चॅनलवर ना नाव ना पत्ता. साहेबांना सांगितलं की साहेब ते वर कळवणार, आणि ती कुठे राहते हे तर कंपनीला तिच्यापेक्षा नीट माहीत. म्हणजे बापाचा पत्ता लेकीनेच काढून दिल्यासारखं. त्यापेक्षा गप्प बसावं. बाकीच्या पाच खोल्यांत बाबा वाजत राहतीलच. जग काय या एका खोलीएवढं आहे?

ती 'घर'मध्ये गेली आणि दार लावलं. कुजबुज चालू होती. फोनवर बाबा बोलत होते, जुनाच भाग, तो पुलाचा.

"आहे?" वरच्या स्पीकरमधून हेडफोनने विचारलं.

"नाही," ठकी म्हणाली.

बाबा अजून बोलत होते! तिने पान पुन्हा उघडूनही पाहिलं नव्हतं. लवकर सुटावं, या खोलीतून बाहेर पडावं, एवढंच तिच्या मनात होतं, आणि जिभेने आपलं काम उरकून टाकलं होतं. तिने चमकून फोनकडे पाहिलं. आधी आवाज गेला. बाबांचे ओठ मात्र हलत होते, शांतपणे, नीट, एकेक गाडी सोडत. मग करडी पाटी आली, 'आपल्या देशात उपलब्ध नाही'.

आणि खोलीतल्या त्या कुजबुजीतला एक धागा तुटला. या वेळी तिला तो ओळखता आला. भरदार होता तो.

५

संध्याकाळी ती धावत घरी गेली तर बाबा जोरजोरात सरबत ढवळत होते आणि तितक्याच जोरात बोलत होते. तिच्या जिवात जीव आला. "आज चॅनलवर कुणी फिरकलंच नाही गं," ते म्हणाले. "सुट्टीबिट्टी आहे का?" तिला सांगायचं होतं, पण तिने सरबताचा पेला तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दुकानात गेले. बाबांनी साबण मागितला. दुकानदार मागच्या बाईचं सामान काढत राहिला. बाबांनी पुन्हा मागितला, त्या आवाजात, ज्याला एके काळी अख्खं स्थानक वळून बघायचं. दुकानदार ठकीकडे बघून म्हणाला, "तुम्हाला काय देऊ?"

"माझा माइक बंद पडलाय वाटतं," बाबा हसून म्हणाले.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. बाबा त्यांना त्यांच्या गुडघ्याबद्दल विचारत होते, चांगलं सविस्तर. काकूंनी ठकीचा हात धरून तिला बाजूला घेतलं. "तुझे बाबा हल्ली अगदी गप्प गप्प असतात गं," त्या हळूच म्हणाल्या. "काही झालंय का?"

बाबा त्या वेळी वाक्याच्या मध्यावर होते.

ठकीने त्यांना तसंच डॉक्टरांकडे नेलं. बाबांनी आपण होऊन सगळी हकिगत सांगायला घेतली. डॉक्टर खाली बघून पेनाचं टोपण शोधत होते. ते सापडल्यावर त्यांनी ठकीला विचारलं, "किती दिवस झाले यांचं बोलणं बंद होऊन?"

बाबा थांबले. तिने त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून तिला क्षणभर कळलंच नाही की ते घाबरलेत. घरी येईपर्यंत ते भराभर पुढे चालत राहिले. दार लावल्यावर मात्र त्यांनी तिचं मनगट धरलं.

"ठके, तुला येतंय ना ऐकू?"

"येतंय हो बाबा. चांगलं खणखणीत."

"मग बाकीचे बहिरे झाले तर होऊ देत," ते म्हणाले, पण मनगट त्यांनी बराच वेळ सोडलं नाही.

६

कामावर जाताना ठकीने आपल्या स्वतःच्या फोनवर शोधलं, 'वडिलांचं बोलणं फक्त मलाच ऐकू येतं'. घशाच्या गोळ्यांच्या जाहिराती आल्या. तिने फोन बंद करून पिशवीत टाकला आणि नियमाप्रमाणे पिशवी बाहेरच्या कपाटात ठेवली.

हिरव्या खोलीत बाबा ठणठणीत वाजत होते. निळ्या खोलीतसुद्धा. ती रडवेली होऊन ऐकत राहिली. दूरदूरच्या, भाषा न कळणाऱ्या देशांत पूल नऊ वर्षं उशिराने धावत होता. मग कुणाच्या तरी छायाचित्राचं काम आलं आणि तिला 'घर'मध्ये जावं लागलं. शोधायचं म्हणून तिने 'व' दाबला.

खोलीतल्या फोनने पुढचं स्वतःच लिहिलं. 'वडिलांचं बोलणं फक्त मलाच ऐकू येतं'.

हा फोन या खोलीतून कधीच बाहेर गेलेला नव्हता. तिने ते खोडलं. फोनने खाली दुसरं सुचवलं, 'वडिलांचं बोलणं मला ऐकू येतं का'. हे तिने कधीच शोधलेलं नव्हतं.

बाहेर येऊन तिने शक्य तितक्या सहज विचारलं, "घरातला रहिवासी कुणाकुणापासून बनवलाय रे?"

"स्टाफपासूनच," हेडफोन जेवणाचा डबा उघडत म्हणाला. "बाहेरच्यांचा डेटा घ्यायचा तर हजार भानगडी. आपला फुकट. पहिल्या दिवशी आपणच नाही का 'मान्य आहे' दाबलं? आणि 'घर'मध्ये सगळ्यात जास्त तुम्हीच बसता ताई, म्हणजे बहुतेक तुम्हीच असाल त्यात." आणि आपण मोठा विनोद केला असं समजून तो हसला.

७

एक वाट होती. झाकलेलं चुकून दिसायला लागलं तर आतल्याने 'आहे' म्हणायचं. मग काम पुन्हा उघडायचं, झाकण निघायचं, आणि नव्याने सगळं होईपर्यंत ती गोष्ट मोकळी राहायची.

"बसस्टँडवाल्या चॅनलची गळती आहे," ठकीने हेडफोनला सांगितलं. "परत तपासू."

"साहेब चिडतील. 'आहे' म्हटलं तरी 'नाही' येईपर्यंत पाठवतच राहतात ते."

"पाठवू देत. मी रोज 'आहे' म्हणेन. निवृत्त होईपर्यंत म्हणेन. ते माझे वडील आहेत."

हेडफोनने पहिल्यांदाच कानावरचे हेडफोन काढले. इकडेतिकडे बघितलं, आणि 'घर'चं दार उघडून धरलं. या सबंध इमारतीत तेवढं एकच माणुसकीचं काम झालं असेल.

आत कुजबुज फारच विरळ झाली होती. ठकी खुर्चीत बसली, पाठ ताठ केली. समोर करडी पाटी होती. असू दे. तिला जे दिसतं ते सांगायचं नव्हतं आज.

"आहे?" हेडफोनचा आवाज.

"आहे!" ती ओरडली. "आहे, आहे, चांगलं दिसतंय आणि ऐकू येतंय!"

"ताई, काही आलं नाही. माइकजवळ बोला."

ती खुर्चीवर उभी राहून छताशी तोंड नेऊन म्हणाली, "आहे."

"नाही," कुणीतरी म्हणालं.

आवाज बाई माणसाचा होता, थोडा घाईचा, जेवायला जायची गडबड असल्यासारखा. ठकीने तो ओळखला, कारण फोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकला की तो असाच परका लागतो. आपलीच जीभ घसरली असणार, तिने स्वतःला बजावलं. सवय आहे. सवयीला काय करणार? तिने दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले. ओठांत दात रुतले.

"स्क्रीनवर?" हेडफोनने विचारलं.

"नाही." तिच्या पाठीमागून, ती बसत असे त्या उंचीवरून. ठकी खुर्चीवरच उभी होती, आणि खोलीत दुसरी खुर्ची नव्हती.

तिने वळून बघितलं नाही. समोरच्या करड्या पाटीच्या काचेत तिचे पाय दिसत होते. पायांच्या मागे, भिंतीला टेकून, एक डोकं खाली वाकलेलं होतं, फोनमध्ये बघणाऱ्या माणसाचं असतं तसं. केसांचा भांग तिच्याच बाजूला पाडलेला.

"शोधून?"

ठकीने हात काढले आणि जिवाच्या आकांताने किंचाळली, आणि त्या किंचाळीच्या खालून, अजिबात आवाज न चढवता, कुणीतरी "नाही" म्हणालं.

"ठीक आहे ताई," हेडफोन म्हणाला. त्याचा स्वर पडलेला होता. "तिन्ही नाही आले. मला वाटलं होतं, तुम्ही... असो. बंद करतो."

खोलीतलं उरलंसुरलं सगळं थांबलं.

८

भर दुपारी ती घराचा जिना चढली. पायरीवर काकू गहू निवडत होत्या आणि त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. वर कुणाचा तरी नळ गळत होता. रस्त्यावर एक गाडी मागे घेताना टीं टीं करत होती. कान शाबूत होते, हे तिने प्रत्येक पायरीला स्वतःला पटवलं.

दार उघडंच होतं. बाबा खिडकीपाशी बसले होते, दाढी केलेली, धुतलेला सदरा, हातात वर्तमानपत्राची घडी. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला. काहीतरी नवं सुचलं होतं त्यांना. त्यांनी घसा खाकरला असावा, कारण गळ्याशी हात गेला. मग त्यांनी चेहरा कोरा केला आणि सुरुवात केली.

वर्तमानपत्र सळसळलं, ते तिला ऐकू आलं. त्यांची चप्पल फरशीला घासल्याचा आवाज आला. नळाचे थेंब येत होते. बाबांचे ओठ उघडत होते, मिटत होते, एका ठिकाणी मुद्दाम रेंगाळत होते. नजर तिच्यावरून हलत नव्हती. अख्ख्या देशात एवढी एकच नजर त्यांच्याकडे परत बघणारी उरली होती, आणि ते तिला सगळं देऊन टाकत होते, हातवाऱ्यांसकट.

ठकीला गुरासारखं हंबरून रडावंसं वाटलं. पण रडलं की त्यांना कळणार. तिने त्यांच्या भुवयांकडे पाहिलं, ओठांच्या कोपऱ्याकडे पाहिलं. भुवया उंचावल्या, ओठ थांबले. आता, तिला वाटलं, हीच जागा.

ती हसली. मोठ्याने, मनापासून, टाळी देऊन हसली.

बाबांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांचं वाक्य अजून संपलं नव्हतं.